सापाला खोकता येत नाही : नव्या पाळीव सापाचा श्वास बिघडला तर काय करायचं

गोळूला घरी आणून १८ दिवस झाले होते. लहानगा बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात), वजन जेमतेम १४० ग्रॅम. रात्री दिवे मालवले आणि त्याच्या पेटीतून ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा ‘टिक्’. मी स्वतःची समजूत घातली की पेटीचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट चालू-बंद होतोय, आणि झोपलो. असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या डाव्या नाकपुडीवर टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा दिसला. श्वासाबरोबर तो फुगत होता आणि विरत होता. थर्मोस्टॅट बिचारा निर्दोष होता.

गोळू वाचला, पण त्याला पूर्ण बरं व्हायला दोन महिन्यांहून जास्त लागले. त्यातले निदान तीन आठवडे माझ्या गोंधळापायी गेले. तो गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितो आहे. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे सापडणार नाहीत. कुणी न तपासता डोस सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका.

हाताशी काय असावं

साप आणायच्या आधीच हे जमवून ठेवा. आजारी पडल्यावर शोधाशोध करण्यात दिवस जातात.

- टोकाला वायर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला
- हवेतला दमटपणा मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर (हा असो की थर्मामीटर, काट्याचा चिकटवायचा गोल डायल नको, का ते पुढे येईलच)
- थर्मोस्टॅट. हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नका
- एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा
- छोटी टॉर्च आणि चांगला व्हिडिओ घेणारा फोन
- शिवण न उसवलेली सुती पिशवी किंवा उशीचा अभ्रा, आणि तो मावेल असा झाकणाचा कडक डबा
- एक वही

१. साप श्वास कसा घेतो

हा भाग गाळून लक्षणांकडे उडी मारू नका. लक्षणांचा अर्थ यातूनच लागतो.

सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. फासळ्यांमधले स्नायू छातीचा पिंजरा मोठा-लहान करतात आणि हवा आत-बाहेर होते. बहुतेक सापांचं काम एकट्या उजव्या फुप्फुसावर चालतं. कॉर्न स्नेकसारख्या सापांत डावं फुप्फुस नावापुरतं उरलेलं असतं. अजगर आणि बोआंमध्ये दोन्ही असतात, पण डावं आखूड. उजवं फुप्फुस म्हणजे एक लांबलचक नळी. तिच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि तिथे प्राणवायू रक्तात जातो. मागचा भाग नुसत्या हवेच्या पिशवीसारखा असतो. त्या पिशवीला रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे तिथे स्राव साचला की तो आपोआप निघणं अवघड.

बाहेर काढायचा तर खोकायला हवं, आणि सापाला आपल्यासारखा जोरदार खोकला येत नाही. श्वासपटल नाही, आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव वर ढकलणारी यंत्रणाही दुबळी. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो. तो घट्ट, भिजलेल्या खडूसारखा गोळा होऊन बसतो.

म्हणून तुमच्या कानावर आवाज पडतो तेव्हा आजार बहुधा नवा नसतो. कुत्रा पहिल्याच दिवशी खोकून घर डोक्यावर घेईल. साप आठवडाभर गप्प राहील आणि मग एक ‘टिक्’ ऐकवेल.

२. निरोगी असतानाचा श्वास बघून ठेवा

नवा साप आणल्यावर पहिले काही दिवस त्याला हाताळायचं नाही हे सगळेच सांगतात. त्या दिवसांत काय करायचं हे फारसं कुणी सांगत नाही. त्याचा श्वास बघा.

साप शांत, वेटोळं घालून पडलेला असताना दोन मिनिटं त्याच्या कुशीकडे पाहा. हवा बाहेर जाते, मग आत येते आणि मग तो थांबतो. हा थांबा बऱ्यापैकी लांब असू शकतो. मला पहिल्यांदा तो बघून धडकीच भरली होती, पण तो सर्वसाधारण आहे. तोंड मिटलेलं, श्वास नाकाने, आवाज शून्य. मिनिटाला किती श्वास हे साप, तापमान आणि जेवण यांवर बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या सापाचा आकडा घेऊ नका. आपल्या सापाचा तीन-चार वेळा मोजा आणि वेळ व तापमानासह वहीत लिहा.

एक व्हिडिओही घेऊन ठेवा. ‘आधी असाच होता की काय?’ हा प्रश्न पुढे हमखास पडतो, आणि तेव्हा आठवण दगा देते.

वजन आठवड्यातून एकदा, शक्यतो खायला देण्याआधी. खाल्लेला उंदीर आणि पडलेली विष्ठा यांनी काटा हलतो, म्हणून एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

३. प्रत्येक आवाज आजाराचा नसतो

इथे नवखे दोन टोकांना जातात. काही जण जांभई दिसली की दवाखान्यात धावतात. काही जण माझ्यासारखे थर्मोस्टॅटवर खापर फोडतात. पुढच्या गोष्टी बहुधा निरुपद्रवी असतात:

खाल्ल्यानंतर साप जबडा वाकडातिकडा करतो, मोठी जांभई देतो. जबडे जागेवर बसवणं चाललेलं असतं. दिवसाकाठी एखाद-दुसरी जांभई एरवीही चालते. दिवसभर जांभयांवर जांभया चालल्या तर मात्र पुढचा टप्पा वाचा.

फुत्कार. घाबरलेला साप हवा जोरात सोडतो. तुम्ही मागे सरल्यावर आवाज थांबला तर तो राग होता.

कात टाकायच्या दिवसांतली शिट्टी. डोळे निळसर-दुधी झालेले, कातडी निस्तेज, आणि श्वासाबरोबर बारीक शीळ. नाकपुडीतली जुनी कात सुटायच्या बेतात असते, तिच्यातून हवा जाताना आवाज येतो. कात पडली की शीळ थांबायला हवी. कात पडून दोन-तीन दिवस झाले, नाकपुड्या मोकळ्या दिसताहेत आणि तरी आवाज आहे, तर तो कातीचा नाही. नाकपुडीत कातीचा तुकडा अडकला असेल तर काडी, पिन किंवा चिमटा घालू नका. पेटीतला दमटपणा थोडा वाढवा. तरीही निघाला नाही तर डॉक्टर काढतील.

पाणी प्यायल्यावर नाकाशी आलेला एखादा बुडबुडा, किंवा बुरशासारख्या अंथरुणाचा कण नाकात गेल्याने झालेला एखादा झटका. एकदा होऊन गेलं तर विसरा.

खाल्ल्यानंतरचा जोराचा श्वास. मोठं भक्ष्य पचवताना अजगरांच्या शरीराचा प्राणवायूचा वापर कित्येक पटींनी वाढतो, शिवाय भरलेलं पोट फुप्फुसावर दाब देतं. तोंड मिटलेलं आणि आवाज नसेल तर वाट पाहा.

माझा नियम साधा आहे. जे एकदा झालं ते वहीत लिहायचं, जे दोन दिवसांत पुन्हा झालं त्याचा व्हिडिओ घ्यायचा, आणि जे तिसऱ्यांदा झालं त्यासाठी डॉक्टरांना फोन करायचा. पुढे दिलेल्या लक्षणांना मात्र हा नियम लागू नाही.

४. ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका

एक-दोन दिवसांत डॉक्टरांची वेळ घ्या:

- श्वासाबरोबर टिकटिक, चटचट, घरघर किंवा ओलसर आवाज, कातीशी संबंध नसताना
- नाकपुडीवर किंवा ओठांच्या कडेला वारंवार बुडबुडे
- तोंडात चिकट तारा, काचेवर किंवा पाण्याच्या भांड्याच्या काठावर वाळलेला शेंबूड
- गळा फुगल्यासारखा दिसणं, प्रत्येक श्वासाला गळ्याची ठळक हालचाल
- डोकं आणि मानेचा पुढचा भाग उंच, पेटीच्या भिंतीला टेकवून बराच वेळ बसणं
- यांपैकी एखाद्या लक्षणासोबत अन्न नाकारणं किंवा वजन उतरणं

त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी कुणाला तरी फोन लावा:

- सतत तोंड उघडं ठेवून श्वास
- तोंडातून फेस किंवा घट्ट स्राव
- तोंडाच्या आतला रंग फिकट पांढुरका, करडा किंवा निळसर
- अंग दोरीसारखं लुळं, उलटं केल्यावर सरळ न होणं

उंच धरलेल्या डोक्याबद्दल थोडं थांबून सांगतो. श्वासाचा त्रास असलेला साप मार्ग मोकळा राहावा म्हणून डोकं वर धरतो, पण त्याला भान असतं, तो तुमच्याकडे बघतो. डोकं मागे पाठीवर पडतंय, मान पिळवटतेय, उलटा पडला तर सरळ होता येत नाही, तर प्रश्न मज्जासंस्थेचा असू शकतो. काही विषाणूंत दोन्ही त्रास सोबत येतात. डॉक्टरांना व्हिडिओ दाखवलात तर फरक त्यांना लगेच कळेल.

नुसतं न खाणं मात्र फार मनावर घेऊ नका. मोठे बॉल पायथन महिनोन्‌महिने उपास करतात आणि ठणठणीत असतात. पिल्लाच्या बाबतीत ही सवलत कमी.

५. औषधाआधी पेटी तपासा

माझी खरी चूक इथे होती.

सापाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. त्याची प्रतिकारशक्ती बाहेरच्या तापमानावर चालते. पेटी थंड पडली की आतल्या पेशींचं कामही मंदावतं, आणि एरवी तोंडात निमूट राहणारे जिवाणू फुप्फुसात उतरतात. सापांच्या न्यूमोनियात वारंवार सापडणारी स्यूडोमोनास, एरोमोनास, क्लेबसिएला ही मंडळी अनेक निरोगी सापांच्या तोंडातही असतात. प्रवास, नवी जागा, उपासमार, सततचं हाताळणं आणि वर थंड पेटी, एवढं त्यांना पुरतं. नवा साप आजारी पडतो तो बऱ्याचदा याच पहिल्या काही आठवड्यांत.

माझ्या पेटीच्या काचेवर चिकटवलेला डायल ३१ अंश सेल्सिअस दाखवत होता. वायरचा थर्मामीटर गोळूच्या लपायच्या खोपटात ठेवला तेव्हा तिथे २५ निघाले. पहाटे २२. डायल मोजत होता काच, आणि तीही वरच्या बाजूची. साप काचेवर झोपत नाही.

तेव्हा मोजमाप साप पडतो तिथे, जमिनीलगत, दोन्ही बाजूंना, आणि पहाटेसुद्धा. नेहमीच्या तीन सापांसाठी ढोबळ आकडे देतो:

- बॉल पायथन: उबदार बाजू ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७ अंश, दमटपणा साधारण ६० ते ७० टक्के
- बोआ कन्स्ट्रिक्टर: उबदार बाजू ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७ अंश, दमटपणा साधारण ६० ते ७० टक्के
- कॉर्न स्नेक: उबदार बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५ अंश, दमटपणा साधारण ४० ते ६० टक्के

तुमचा साप दुसरा असेल तर त्याच जातीचे आकडे शोधा. ‘साप म्हणजे ३० अंश’ असा एकच हिशेब सगळ्यांना लावू नका.

आजाराची शंका आली की उबदार बाजू त्या जातीच्या मर्यादेतल्या वरच्या टोकाला आणा, थंड बाजूही दोनेक अंशांनी वाढवा आणि रात्री तापमान उतरू देऊ नका. थंड कोपरा बंद मात्र करायचा नाही. सापाला ऊन-सावली निवडता आली पाहिजे. घाबरून पूर्ण पेटी ३५-३६ पर्यंत तापवणारे लोक मी पाहिले आहेत. श्वासाचा त्रास असलेल्या जिवाला त्यातून पळायला जागा उरत नाही.

दमटपणाबद्दल दोन परस्परविरोधी सल्ले मिळतील. कुणी म्हणेल पेटी कोरडी करा, कुणी म्हणेल फवारा मारा. दोन्हीत अर्धं खरं आहे. कोंदट हवा आणि ओलं अंथरूण जिवाणू-बुरशीचं माहेरघर. फार कोरडी हवा श्वासमार्ग सुकवते आणि स्राव आणखी घट्ट करते. अंथरूण वरून कोरडं, हवा त्या जातीला हवी तेवढी दमट आणि हवा खेळती, हे तिन्ही एकत्र साधायला हवं. मोठं पाण्याचं भांडं उबदार बाजूकडे सरकवलं की फवारा न मारताही दमटपणा वाढतो. तापमान वाढवलं की हवा कोरडी पडते, म्हणून हायग्रोमीटर पुन्हा बघा.

देवदार किंवा पाइनचा ताजा भुसा असेल तर तो आजच काढा, त्यातली वाफेसारखी उडणारी तेलं श्वासमार्गाला झोंबतात. उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तराचे फवारे, सिगारेटचा धूर, तव्याचा धूर, हे सगळं त्या खोलीबाहेर. आजारी सापाला सरळ साध्या कागदावर ठेवा. स्राव पडला तर दिसतो, रोज बदलता येतो.

आणि माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक किडे, आहेत का बघा. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत, पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके. साप तासन्‌तास पाण्यात बसत असेल तर शंका पक्की. त्या माइट्स रक्त पितात, सापाला दुबळं करतात आणि एका सापाचे जंतू दुसऱ्याकडे नेऊ शकतात.

६. तोंडात पाहायचं तर एकदाच

सरावलेल्या माणसासोबतच करा. सापाचं तोंड उचकटू नका. जांभई देताना टॉर्च मारून व्हिडिओ घेता आला तर उत्तम. खालच्या जबड्यात, जिभेच्या म्यानाच्या लगेच मागे एक छोटी उभी फट उघडझाप करताना दिसते. तेच श्वासनलिकेचं दार. निरोगी तोंड फिकट गुलाबी आणि नुसतं ओलसर असतं. त्या फटीभोवती फेस, तारा, पिवळट गोळे किंवा हिरड्यांवर लाल ठिपके दिसले तर तेवढं डॉक्टरांना सांगायला पुरे. पुन्हा पुन्हा उघडून बघण्याने काही कळत नाही, सापाचा दम मात्र जातो.

७. बाकीच्या सापांपासून तोडा

घरात दुसरा साप असेल तर आजारी सापाला दुसऱ्या खोलीत हलवा. चिमटा, भांडी, कापड सगळं वेगळं. आधी निरोगी साप, शेवटी आजारी, मग साबणाने हात. हातांचा नियम एरवीही पाळायचा, कारण निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल, वयोवृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर जास्तच.

यामागे विषाणूंची भीती आहे. फेरलाव्हायरस हा श्वसनाचा विषाणू १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका सर्पसंग्रहात पसरलेल्या साथीतून पहिल्यांदा पुढे आला. बॉल पायथनना छळणारे सर्पेंटोव्हायरस, ज्यांना बरेच जण अजून निडोव्हायरस म्हणतात, २०१४ मध्ये ओळखले गेले. या विषाणूंची लागण असलेला साप कित्येक महिने धडधाकट दिसू शकतो. म्हणूनच नव्या सापासाठी ९० दिवसांचं विलगीकरण हा किमान हिशेब आहे, आणि अजगर बाळगणारे सावध लोक सहा महिने ठेवतात.

मी १० दिवस ठेवलं होतं. ‘दिसतोय तर चांगला’ म्हणून. त्या वेळी घरात दुसरा साप नव्हता, एवढंच माझं नशीब.

८. योग्य डॉक्टर आणि योग्य कागद

कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर सापाच्या बाबतीत गोंधळू शकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. माझ्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी तोंडातून द्यायचं एक औषध लिहून दिलं. गोळूने ते सगळं बाहेर काढलं, थोडं श्वासनलिकेत गेलं असावं, आणि दोन दिवसांत घरघर वाढली. म्हणून फोनवरच विचारा: तुम्ही साप नियमित बघता का? श्वासनलिकेतला नमुना घेता येतो का? सापाचा एक्स-रे काढता का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर त्यांनाच विचारा की कुणाकडे जाऊ. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

सोबत न्यायचं:

- वजनाची, जेवणाची, कात टाकल्याची आणि विष्ठेची तारीखवार नोंद
- पेटीच्या दोन्ही बाजूंचं दिवसा-रात्रीचं तापमान आणि दमटपणा, पेटीचा एक फोटो
- श्वासाचे व्हिडिओ, आवाजासह, पंखा बंद करून घेतलेले
- साप कुणाकडून, कधी आला. पेटीत जन्मलेला की रानातून पकडलेला
- साप बाळगण्याचे कायदेशीर कागद. सगळे अजगर आणि बोआ साइटस करारात (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) येतात, तेव्हा हे कागद एरवीही हाताशी हवेतच
- आधी कुठलंही औषध दिलं असेल तर त्याचं नाव आणि तारीख, लाजून लपवू नका

रानातून आलेला साप असेल तर ते आवर्जून सांगा. फुप्फुसात राहणारे जंत तशा सापांत जास्त आढळतात, आणि त्यांना जिवाणूंचं औषध लागू पडत नाही. विष्ठेचा ताजा नमुनाही घेऊन जा.

९. नेताना

पोटात अन्न असताना शक्यतो नेऊ नका, हाताळल्यावर उलटी होऊ शकते. श्वासाची तातडी असेल तर हा नियम बाजूला ठेवा. सुती पिशवीत साप, पिशवीचं तोंड गाठ मारून बंद, पिशवी भोकं पाडलेल्या कडक डब्यात. डब्यात पाण्याचं भांडं नको. थंडी असेल तर डब्याच्या बाहेरून गरम पाण्याची बाटली, मध्ये टॉवेल. सापाला थेट चिकटेल असं काही गरम नको. गाडीचा एसी बंद. पिशवी मांडीवर घेऊन दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका, हे मी स्वतःला सांगत होतो आणि तरी बघत होतो.

१०. दवाखान्यात काय होईल

डॉक्टर तोंड बघतील, वजन घेतील. मग बहुधा एक्स-रे, शक्य तर वरून आणि बाजूने असे दोन. फुप्फुसात पातळ स्राव साचला असेल तर तो बाजूच्या चित्रात जास्त नीट दिसतो. श्वासनलिकेत बारीक नळी घालून थोडं निर्जंतुक द्रव सोडतात आणि लगेच ओढून घेतात. त्या नमुन्यात कुठले जिवाणू वाढतात आणि त्यांच्यावर कुठलं औषध चालतं हे कळतं.

नुसत्या तोंडाच्या स्वॅबवर जिवाणूंचं कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखणं) करणार असतील तर नम्रपणे विचारा. तोंडात तशीही गर्दी असते, त्यामुळे फुप्फुसातला खरा दोषी कोण हे त्यावरून ठरवणं कठीण. विषाणूंच्या पीसीआरसाठी मात्र तोंडाचा स्वॅब चालतो. दोन्ही स्वॅब दिसायला सारखे, उद्देश वेगळे. मी यात घोळ घातला आणि एक तपासणी दुसऱ्यांदा करावी लागली.

कल्चरचा निकाल यायला काही दिवस जातात. तोवर अंदाजाने औषध सुरू करतात, त्यात गैर काही नाही. पण नमुना पहिल्या डोसच्या आधी घेतलेला असावा.

विषाणू निघाला तर त्यावर थेट औषध आज नाही. सोबतच्या जिवाणूंवर उपचार, ऊब, पाणी आणि कायमचं विलगीकरण, एवढंच हातात असतं. काही साप तसे बराच काळ जगतात. ग्रीन ट्री पायथनसारख्यांत आजार जास्त गंभीर होतो.

११. घरी उपचार चालू असताना

सापांना अँटिबायोटिक बहुधा इंजेक्शनने देतात. त्यांच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं, म्हणून डोस रोज नसतो. सेफ्टाझिडिम हे सापांत वारंवार वापरलं जाणारं औषध दर ७२ तासांनी देतात. त्यामुळे वहीत नुसती तारीख नव्हे, वेळही लिहा. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात, पाठीच्या कण्याच्या बाजूच्या स्नायूत टोचतात. मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडातून जाऊ शकतं, म्हणून तो भाग टाळतात. डॉक्टरांसमोर स्वतः एकदा टोचून दाखवा, मगच घरी करा. बाजू दर वेळी बदला. एन्रोफ्लॉक्सॅसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन झोंबतं आणि त्या जागी कातडी खराब होऊ शकते, हे दिसलं तर कळवा. विरघळवलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवायचं की फ्रीझरमध्ये आणि किती दिवस, हे लिहूनच घ्या.

काही डॉक्टर नेब्युलायझर सांगतात. औषधाचं बारीक धुकं छोट्या डब्यात सोडतात आणि साप ते श्वासातून घेतो. सांगितलं तरच, सांगितलेल्या औषधानेच करा.

आता ज्यात लोक हमखास फसतात:

गरम पाण्याची वाफ, निलगिरी तेल, बाम. माणसाला बरं वाटतं म्हणून सापाला देऊ नका. ती तेलं त्याच्या श्वासमार्गाला जाळतात.

बळजबरीने भरवणं. आजारी, थंड सापाच्या पोटात उंदीर सडतो, आणि फुगलेलं पोट फुप्फुस दाबतं. पाणी महत्त्वाचं, अन्न नंतर. पाणी कमी पडतंय असं वाटलं तर डॉक्टर कातडीखालून द्रव देतात.

आंघोळ. दम लागलेल्या, अशक्त सापाला पाण्यात बसवलं तर पाणी नाकातोंडात जातं.

उरलेलं औषध. ‘माझ्या सापाचं शिल्लक आहे’ असं प्रेमाने म्हणणारे भेटतील. आभार मानून नाही म्हणा.

आवाज थांबला म्हणून इंजेक्शन थांबवणं. गोळूचा आवाज तिसऱ्या इंजेक्शननंतर थांबला. एकूण दहा होती. मला चौथ्याच इंजेक्शनला थांबायचा मोह झाला होता.

या काळात हाताळणं औषधापुरतंच. पेटीवर एका बाजूने कापड टाका. कागद रोज, पाण्याचं भांडं रोज घासून. जंतुनाशक वापरताना साप बाहेर, नंतर भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच साप आत.

१२. बरा झाला असं कधी म्हणायचं

आवाज बंद, बुडबुडे बंद, तोंड मिटलेलं, वजन निदान स्थिर, आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासून हिरवा कंदील दिलेला. हे सगळं जमल्यावर पहिलं जेवण द्या, नेहमीपेक्षा लहान उंदराचं. नंतर आठवडाभर पुन्हा काही नाही. उलटी झाली तर किमान दोन आठवडे थांबा आणि कळवा.

वजन आजारपणात दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर ते भरून यायला महिने लागतात, घाई नको. विलगीकरणाचे ९० दिवस शेवटच्या लक्षणापासून पुन्हा मोजायला घ्या. त्रास परत उलटला, तर त्याच औषधाचा दुसरा फेरा मागू नका. विषाणू, जंत, बुरशी यांची तपासणी राहिली आहे का ते विचारा, आणि पहाटे चार वाजता उठून त्या खोपटातलं तापमान स्वतः बघा. माझ्याकडे दुसऱ्यांदा टिकटिक आली तेव्हा वीज जाऊन आल्यावर थर्मोस्टॅटची सेटिंग पुसली गेली होती. म्हणजे त्या वेळी मात्र दोष खरोखरच थर्मोस्टॅटचा निघाला.